प्रभुभोजन आणि आत्मपरीक्षेचा अधिकार

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या टापूत, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून ज्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत, त्यांतील कित्येकांची मूळ परंपरा महाराष्ट्रातील इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांहून एका बाबतीत निराळी आहे, आणि ती बाब म्हणजे प्रभुभोजनाचा नेम. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाचे स्ट्रटन दांपत्य बारामतीस येऊन राहिले, त्यांच्या हातून तेथील कामाचा पाया घातला गेला, आणि पुढे ते काम दौंड, श्रीगोंदे, इंदापूर या बाजूंस पसरले. या पंथाचा मुळापासूनचा आग्रह असा, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी मंडळी जमली म्हणजे भाकर मोडली गेलीच पाहिजे. दीक्षित पाळक हजर असो वा नसो, मंडळीतील वडिलांनी मेजापाशी उभे राहून प्रार्थना करावी आणि ताट व प्याला फिरवावा. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात वाढलेल्या मनुष्यास, ज्याच्या लेखी पवित्र भोजन म्हणजे मधून मधून येणारा, आधी तयारीची सभा घेऊन मग साजरा व्हावयाचा गंभीर प्रसंग, त्यास हा साप्ताहिक नेम प्रथमदर्शनी थोडा सैल वाटतो, आणि अतिपरिचयादवज्ञा हे वचन त्याच्या ओठांवर आल्यावाचून राहत नाही.

हा आक्षेप पोकळ नाही. मेजावर पांढरे स्वच्छ वस्त्र अंथरलेले असते, त्यावर झाकलेले ताट. वस्त्राची घडी दोघे सेवक चार टोकांनी उचलून नेटकेपणाने बाजूस ठेवतात. ताटात घरच्या चुलीवरची बिनखमिराची चपाती, आणि पेल्यांत पुष्कळ ठिकाणी रात्रभर पाण्यात भिजवून, कुसकरून, फडक्यातून गाळलेला मनुकांचा रस. वर्षातून बावन्न वेळा हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात बावन्नाव्या वेळी काय चालले असेल, याची खात्री कोणी द्यावी? मागच्या बाकावर एखाद्याचे लक्ष घड्याळाकडे असते, दुसरा सोमवारच्या ऊसतोडीच्या विचारात गढलेला असतो, आणि ताट हाती आले म्हणजे तुकडा उचलून ते पुढे सरकवण्याची क्रिया हात आपोआप करतो. पण दुसऱ्या बाजूनेही विचारता येईल, की वर्षातून चार वेळा येणाऱ्या भोजनाच्या दिवशी तेच मन जागे असते याला तरी पुरावा कोणता? खुद्द कॅल्व्हिनची इच्छा भोजन दर आठवड्यास निदान एकदा व्हावे अशी होती. जिनीव्हाच्या नगरसभेने ती मान्य केली नाही आणि वर्षातून चार वेळांवर बोळवण केली. पुढे जी चाल कॅल्व्हिनच्या अनुयायांनी आदराचे लक्षण म्हणून जपली, ती त्याच्या दृष्टीने एक राजकीय तडजोड होती. कॅथोलिक पंथातही दहाव्या पायस पोपने 1905 मध्ये वारंवार, किंबहुना नित्य भोजनास उत्तेजन दिले, आणि वसईच्या गावांत रोज पहाटे मिस्सेस जाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची भक्ती त्यामुळे पातळ झाली असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. तेव्हा किती वेळा, हा प्रश्न मला गौण वाटतो. खरा प्रश्न असा की मेजापाशी येणाऱ्याची परीक्षा घ्यावयाची कोणी, आणि कशाची.

या प्रश्नाचे जे उत्तर बारामतीच्या परंपरेच्या मुळाशी आहे ते स्कॉटलंडात जन्मले. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत भोजनाच्या आधी वडिलांनी सभासदाची धर्मज्ञानाविषयी आणि आचरणाविषयी विचारपूस करावयाची, आणि जो उतरेल त्यास शिशाची एक छोटी चकती द्यावयाची, अशी रीत होती. रविवारी ही चकती परत केल्याखेरीज मेजापाशी जागा मिळत नसे. म्हणजे तो एक परवानाच होता. 1809 साली ग्लासगो येथे अलेक्झांडर कॅम्बेल नावाचा एक तरुण, जो आयर्लंडहून अमेरिकेस जाताना गलबत फुटल्यामुळे त्या शहरात हिवाळाभर अडकून पडला होता, आपल्या मूळ मंडळीचा दाखला जवळ नसल्यामुळे वडिलांपुढे परीक्षेस उभा राहिला, उतरला, आणि चकती घेऊन भोजनाच्या दिवशी उपासनेस आला. माणसे टोळीटोळीने मेजापाशी बसत आणि उठत होती. तो शेवटच्या मेजाची वेळ येईपर्यंत थांबला; मग त्याने चकती तेवढी परत केली, आणि भाकर व प्याला न घेताच बाहेर पडला. पुढे अमेरिकेत त्याने व त्याच्या वडिलांनी जी चळवळ उभी केली तिच्यात भोजन दर रविवारचे झाले आणि दारावरची तपासणी गेली. मेज प्रभूचे आहे, तेव्हा त्यावर कोणास आम्ही बोलावीतही नाही आणि कोणास अडवीतही नाही, अशा आशयाचे त्या पंथात एक सूत्रच रूढ झाले. याच चळवळीची ऑस्ट्रेलियातील शाखा शंभर वर्षांनी नीरेच्या कालव्याकाठी आली.

आणि येथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली. 1871 च्या कायद्याने हिंदुस्थान सरकारने कित्येक जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या होत्या. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि कैकाडी, भामटे, मांग-गारुडी इत्यादी जमातींची माणसे सरकारी दप्तरात नोंदली गेली, त्यांच्या बोटांचे ठसे घेण्यात आले, त्यांस तारेच्या कुंपणाआड वसाहतींत आणून बसविण्यात आले. या वसाहतींपैकी काहींची व्यवस्था सरकारने मिशनांकडे सोपविली: सोलापूरची अमेरिकन मिशनकडे, बारामतीची ऑस्ट्रेलियन मिशनकडे. म्हणजे ज्या पंथाच्या आद्य प्रवर्तकाने परवान्याची चकती परत करून मेजाकडे पाठ फिरविली, त्याच पंथाच्या माणसांकडे हजेरी घेण्याचे आणि बाहेर जाण्याचे परवाने देण्याचे काम आले. आठवड्याचे सहा दिवस ज्याने नाव पुकारावयाचे, त्यानेच सातव्या दिवशी मेजापाशी उभे राहून प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे सांगावयाचे! त्या मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी मला शंका नाही. शाळा, दवाखाना, विणकाम, रोजगार यांची जी तजवीज त्यांनी केली ती त्या काळी दुसरे कोणी करीत नव्हते. परंतु हेतू शुद्ध असला म्हणून विसंगती नाहीशी होत नाही, आणि ती त्यांच्यापैकी विचारी माणसांस बोचली नसेल असे मानणे मला कठीण जाते.

तरीसुद्धा त्या वसाहतीतील जी माणसे ख्रिस्ती होऊन त्या मेजापाशी आली असतील, त्यांच्या बाजूने पाहिले तर या विसंगतीतूनच आत्मपरीक्षेचा एक असा अर्थ उजेडात येतो, जो सुखवस्तू मंडळ्यांत बसून कधी हाती लागला नसता. आपण आत्मपरीक्षण म्हणतो तेव्हा आपल्या मनात प्रायः एक शिक्षा असते. मान खाली घालणे, दोष मोजणे, स्वतःस अपात्र म्हणवून घेणे. पण ज्या मनुष्याची परीक्षा त्याच्या जन्माच्या आधीच सरकारने करून ठेवली आहे, ज्याने चोरी केली की नाही हे विचारण्याचीही गरज कोणास वाटत नाही, त्यास कोणी म्हणाले की तुझी परीक्षा तू कर, तर ते शब्द त्याच्या कानी शिक्षेसारखे पडत नसून सनदेसारखे पडतात. माझ्या अपराधाचा निवाडा करण्यास मी लायक आहे. मी केले ते माझे, न केले ते माझे नव्हे. जातीचे, बापाचे, टोळीचे माप माझ्या पदरात घालण्याचा अधिकार कोणास नाही. 1952 साली तो कायदा देशभर रद्द झाला, पण तत्पूर्वी कित्येक वर्षे, दर रविवारी, त्या कायद्याच्या मूळ कल्पनेस या एका वाक्याने छेद जात होता, मग ते बोलणाऱ्याच्या ध्यानात आले असो वा नसो.

परीक्षा कोणी करावयाची याचे उत्तर एवढ्याने मिळाले. ती कशाची करावयाची हे उरले, आणि या ठिकाणी आपल्या मंडळ्यांची समजूत मला बरीचशी एकांगी दिसते. ज्या पत्रातून हा आदेश येतो ते पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले, आणि त्याचा रोष कोणत्या गोष्टीवर होता हे तेथे स्वच्छ लिहिलेले आहे. ती माणसे एकत्र जमत, पण ज्यांच्या घरी सुबत्ता होती ते आपले जेवण आधीच उरकून घेत, काही तर पिऊन धुंद होत, आणि दिवसभराची चाकरी संपवून मागाहून येणारे गरीब, त्यांत गुलामही असतील, उपाशी राहत. ज्या सभेत असे घडते तेथे प्रभूचे भोजन होतच नाही, असे पौल बजावतो, आणि मग त्याच दमात परीक्षेची गोष्ट काढतो. म्हणजे परीक्षा करावयाची ती मी खासगीत किती पापे केली याच्या जमाखर्चाची मुख्यत्वे नव्हे. माझ्या शेजारी जो बसला आहे त्यास मी उपाशी ठेवले की काय, त्यास लाजविले की काय, याची. हा संदर्भ गाळून नुसता आदेश तेवढा उचलला, की भोजनापूर्वीचे दोन मिनिटांचे मौन हे ज्याच्या त्याच्या मनातील खासगी बाब होऊन बसते, आणि शेजारचा मनुष्य त्यातून अलगद निसटतो.

आपल्या देशात पंगतीचा प्रश्न किती खोल आहे हे मराठी वाचकास सांगावयास नको. बारामतीवरून आणि इंदापुरावरून दरसाल तुकोबांची पालखी जाते, वाटेत अभंगांतून भेदाभेद मोडतो, आणि पंढरीस पौर्णिमेच्या काल्यात सर्वांच्या मुखी एक घास पडतो. परंतु त्याच वाटेवरच्या गावांत वारी पुढे गेल्यावर पाणवठे निराळे ते निराळेच राहत आले. ख्रिस्ती मंडळ्यांनी या बाबतीत फार ताठ मान करण्याचे कारण नाही. दक्षिणेत तंजावराकडील जुन्या मंडळ्यांत उच्च जातीच्या आणि अस्पृश्य मानलेल्या ख्रिस्ती लोकांचे बसण्याचे भाग व भोजन घेण्याचा क्रम वेगळा असे, आणि 1833 साली कलकत्त्याचा बिशप डॅनिएल विल्सन याने हा भेद निःशेष मोडण्याचा हुकूम काढला तेव्हा शेकडो माणसे मंडळी सोडून गेली. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रांत प्रांजळपणे सांगितले आहे की नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्याच्या जवळ येऊन राहिल्या तरी सोवळे सुटेना, स्वयंपाक निराळा चालला, आणि मन वळत वळत एके दिवशी जातिभेद हा देवाचा नव्हे हे जेव्हा पटले, तेव्हाच त्यांनी वाटेल त्याच्या हातचे खावयास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मला हा क्रम फार अर्थपूर्ण वाटतो: त्या बाईने आधी आपल्या चुलीची परीक्षा केली आणि मग मेजापाशी गेली. आपल्यापैकी बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.

आणखी एक गोष्ट येथे बोलून टाकतो, जरी ती कित्येकांस क्षुल्लक वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतील मंडळ्यांत, रोगजंतूंचे शास्त्र नुकतेच लोकांच्या कानी पडले असता, एका प्याल्याऐवजी प्रत्येकास निराळा इवलासा पेला देण्याची टूम निघाली आणि बघता बघता ती जगभर पसरली. आरोग्याच्या दृष्टीने तिच्यात वावगे काही नाही. क्षयाचा रोगी आणि तान्हे मूल जेथे एका बाकावर बसतात तेथे सावधगिरी हीही प्रीतीच आहे. पण ज्या मुलुखात चहाच्या दुकानाबाहेर वळचणीस एक फुटक्या कानाची कपबशी निराळी ठेवलेली असे, आणि ती कोणासाठी हे सर्वांस ठाऊक असे, त्या मुलुखात निराळ्या पेल्यांचे हे तबक आले तेव्हा ते केवळ जंतूंच्या भयाने स्वीकारले गेले, की त्याने दुसऱ्याही एका भयाची परस्पर सोय लागली? मूळचे महार, मूळचे मांग आणि क्वचित मूळचे मराठे ज्या एका मंडळीत बसतात, तेथे एकाच प्याल्यास ओठ लावण्याचा प्रसंग टळला याबद्दल सुटकेचा निःश्वास कोणी टाकला असेल की नाही, याचा निवाडा मी करीत नाही. तो ज्याचा त्याने करावयाचा आहे, आणि नेमके एवढ्याचसाठी ते दोन मिनिटांचे मौन राखलेले आहे. निराळे पेले खुशाल राहू द्यावेत. मात्र तबक हाती घेताना, आज एकच प्याला फिरता तर मी माझ्या आधी कोणास पिऊ दिले असते, एवढा प्रश्न मनाशी विचारण्यास हरकत नसावी.

या आदेशाचा दुसरा विपर्यास याच्या उलट टोकास आहे, आणि तो भाविक माणसांकडून होतो. खेड्यातील लहान मंडळीत ताट समोर आले असता ते न घेता पुढे सरकविणे ही खासगी गोष्ट राहत नाही. चाळीस डोळे ती टिपतात आणि दुपारपर्यंत ती गावात होते. कारण विचारावे तर बहुधा भाऊबंदकी निघते. बांध कोरला, सातबाऱ्यावर नाव चढविले, किंवा कालव्याच्या पाण्याची पाळी आपली असता चुलत्याने रात्री दार फोडून पाणी वळविले. मन शुद्ध नाही, म्हणून भोजन घेत नाही. सहा सहा महिने, वर्ष वर्ष हा उपवास चालतो, आणि चालविणाऱ्यास त्यात आपल्या आदरबुद्धीचा प्रत्यय येत असतो. मला हे म्हणावेसे वाटते, की असा उपवास हा पुष्कळदा समेटाहून स्वस्त पडतो. चुलत्याच्या दारात जाऊन चार शब्द बोलण्यापेक्षा ताट पुढे सरकविणे सोपे आहे. पौलाने परीक्षा करून दूर बसावे असे सांगितले नाही. परीक्षा करावी आणि मग खावे असेच त्याचे सांगणे आहे. आणि येशूने वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसास भावाची तक्रार आठवली तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जा म्हणून सांगितले, पण मागाहून परत ये हेही सांगितले. जाणे आणि परतणे या दोहोंपैकी एकही न करता मध्येच बसून राहण्याची मुभा कोठेही नाही.

आत्मनिंदा हेही एक सुख होऊ शकते, ही जाणीव आपल्या भक्तिवाङ्मयास नवी नाही. बारामतीचेच मोरोपंत आपल्या केकावलीत स्वतःचे दोष देवापुढे मांडतात, पण त्या करुणा भाकण्यात अडून बसत नाहीत. ते देवाशी वाद घालतात, दाखले देतात, पतितांस तारल्याची जुनी उदाहरणे काढून त्यास जणू पेचात धरतात, आणि माझाही उद्धार केल्यावाचून तुला गत्यंतर नाही असा आग्रह धरतात. दोषांची कबुली त्यांच्या हाती तक्रार-अर्जासारखी आहे. अर्जदार निकाल घेण्यासाठी दारात उभा आहे. ताट पुढे सरकविणाऱ्या भाविकांत मला नेमका हा आग्रह दिसत नाही.

परंतु ताट पुढे सरकविणारे आणखी एक आहेत, आणि त्यांच्याविषयी आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. दर रविवारी येणारी, गीते पाठ असलेली, वर्गणी नियमित देणारी, आजारीपणात प्रार्थनेस बोलावणारी, आणि तरीही वर्षानुवर्षे बाप्तिस्मा न घेतलेली कुटुंबे महाराष्ट्रातील गावोगावच्या मंडळ्यांत असतात. अश्रद्धा हे त्याचे कारण सर्वत्र नसते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या; पुढे 1956 मध्ये शिखांस आणि 1990 मध्ये बौद्धांस त्यात समाविष्ट केले गेले, परंतु ख्रिस्ती झालेल्या दलितास ती वाट मोकळी झाली नाही. मुलीच्या शिक्षणाची फी, मुलाची नोकरी, ग्रामपंचायतीची राखीव जागा, हे सर्व तहसील कचेरीतील एका दाखल्यावर अवलंबून आहे, आणि तो दाखला व बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नाव ही दोन्ही एकाच वेळी जवळ बाळगता येत नाहीत. सरकारने जन्मावरून लावलेला एक शिक्का पुसला गेला, तर दुसऱ्या एका कागदाने हा नवा पेच आणून उभा केला.

अशा मनुष्याने मेजापाशी यावे की न यावे? कित्येक पाळक त्यास भित्रा ठरवून मोकळे होतात. मला तो अधिकार त्यांचा वाटत नाही. शिशाची चकती परत करणाऱ्याच्या वारसांस तर तो मुळीच शोभत नाही. बोलवू नये आणि अडवूही नये, हे जुने सूत्र या ठिकाणी अपुरे पडते हे खरे, कारण न अडविल्याने कोणाचे पोट भरत नाही आणि न बोलविल्याने तो मनुष्य आपण होऊन कधी हात पुढे करणार नाही. पण त्याची परीक्षा आपण घेऊ लागण्यापूर्वी, ज्यांची नावे नोंदवहीत आहेत आणि ज्यांस त्या नावामुळे काही गमवावे लागले नाही, म्हणजे ज्यांचे आजे-पणजे मिशनच्या शाळेत शिकून शिक्षक, परिचारिका, कारकून झाले आणि ज्यांस आज त्या दाखल्याची गरज उरलेली नाही, त्यांनी करिंथकरांचा तो प्रसंग स्वतःस लावून पाहावा. ते आधी आले, त्यांचे जेवण झाले आहे. मागच्या बाकावरच्या कुटुंबातील मुलीच्या फीची सोय मंडळीच्या वर्गणीतून होऊ शकते की नाही, हा हिशेब वडिलांच्या सभेत या वर्षी मांडला गेला पाहिजे, आणि तो रविवारच्या भोजनाच्या आधी, शनिवारी मांडला गेला पाहिजे.